पंडिता रमाबाई : धर्म घेतला, जू घेतले नाही

आपल्या घरात रमाबाई हे नाव निघाले की मनात येते ती माता रमाई. ते योग्यच आहे. आज मात्र त्याच नावाच्या दुसऱ्या एका स्त्रीची जीवनकथा वाचकांपुढे ठेवायची आहे. या रमाबाई जन्माने चित्पावन ब्राह्मण. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या आणि १९२२ साली ख्रिस्ती म्हणूनच वारल्या. मग बौद्धांच्या पाक्षिकात त्यांची कथा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की धर्मांतर करणाऱ्या माणसापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते या बाईने आयुष्यभर उघडपणे विचारले. नवा धर्म घेतला म्हणजे त्यातले सगळेच्या सगळे मान्य करावे लागते काय? एखादे मत पटले नाही तर धर्म सोडायचा, की तोंड मिटून बसायचे? त्या धर्मात दहा पंथ असतील तर नाव कोणाचे लावायचे?

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हे प्रश्न नुसते पुस्तकातले नाहीत. नवापूरकडच्या गावांत आदिवासी ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत आणि ती सगळी एकाच पंथाची नाहीत. शाळेच्या एकाच बाकावर बौद्ध, ख्रिस्ती आणि देवमोगरा मातेला मानणारी मुले शेजारी-शेजारी बसतात. उत्क्रांतीचा धडा आला की मुले विचारतात, सर, मग जग देवाने सहा दिवसांत केले ते खोटे काय? घरी एक शिकवण, शाळेत दुसरी, मामाच्या गावी तिसरी, अशी त्या लेकरांची ओढाताण होते. सृष्टी कोणी केली हा प्रश्न लहान दिसतो, पण त्यावरून घरे फुटतात. म्हणून ही कथा.

रानातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांचे गुरू पेशवे दुसरे बाजीराव यांच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकून या तरुण शिष्याच्या मनाने घेतले की आपणही आपल्या बायकोला शिकवायचे. पुढे त्यांनी आपली दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला खरोखरच शिकवले. झाले! शास्त्रीमंडळी खवळली. अनंतशास्त्र्यांना पंडितांपुढे उभे राहून शास्त्रांचे आधार द्यावे लागले. त्यांनी ते दिले, आणि बायकोमुलांसह रानात घर करून राहिले. रमाबाई लहानपणी आईच्या मांडीवर बसून संस्कृत शिकल्या. भागवत त्यांना मुखोद्गत होते.

परंतु या सुधारक बापानेही एक दार बंदच ठेवले होते. पुराणे आणि काव्ये मुलीने खुशाल शिकावीत, वेदाला मात्र हात लावायचा नाही. स्त्री आणि शूद्र यांना वेदाचा अधिकार नाही, ही शास्त्राज्ञा त्यांनी मोडली नाही. विद्येचे दार उघडणाऱ्या माणसाच्या मनातही एक कडी कशी शिल्लक राहते, ते येथे दिसते.

हे कुटुंब पुढे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. होता तो पैसा ब्राह्मणभोजनात आणि दानात संपला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात वडील गेले, मागोमाग आई गेली आणि थोरली बहीणही गेली. उरले रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. देवाने अन्न दिले नाही आणि शास्त्राने मजुरी करू दिली नाही, अशी त्यांची स्थिती होती. दोघे भाऊबहीण अनवाणी, उपाशीपोटी, कधी झाडाखाली तर कधी पुलाखाली निजत उत्तर हिंदुस्थानभर चालत राहिले.

तळ्यातले डोंगर

या भटकंतीत हिमालयाच्या भागात त्यांना एक पवित्र सरोवर लागले. त्यात सात डोंगर तरंगतात, पुण्यवान यात्रेकरूकडे ते चालत येतात आणि पाप्याकडे फिरकत नाहीत, अशी ख्याती होती. तळ्यात मगरी आहेत, पाण्यात उतरू नका, असेही पुजारी बजावीत. श्रीनिवासांनी एके पहाटे कोणाला न सांगता पाण्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन पाहिले. डोंगर म्हणजे तराफ्यावर रचलेली माती-दगड, आणि वर लावलेली झाडे! यात्रेकरूंनी दक्षिणा दिली की मागे होडीत दडलेला माणूस तराफा ढकलीत असे.

दोघांची जुनी श्रद्धा एका दिवसात गेली नाही. पण ज्याने एकदा तराफ्यामागचा माणूस पाहिला, तो पुढे प्रत्येक डोंगराची मागची बाजू पाहू लागतो. रमाबाईंचे तसेच झाले.

१८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचले. वीस वर्षांची ही मुलगी सभेत अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच शहरात त्यांनी प्रथम ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. लोक खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकताना पाहून त्यांना वाटले की हे खुर्चीची पूजा करतात! ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली आणि वाचा म्हणून सांगितले. बापाने बंद ठेवलेले दार अशा रीतीने उघडले.

पंडितांनी त्यांना आणखी एक काम दिले. पडद्यातल्या स्त्रियांना शास्त्राप्रमाणे स्त्रीची कर्तव्ये समजावून सांगायची. त्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्रे मुळातून वाचली. ग्रंथ एकमेकांशी हजार बाबतींत भांडत होते, पण दोन बाबतींत सगळ्यांचे एकमत होते. पहिली, सर्व स्त्रिया स्वभावतः वाईट. दुसरी, स्त्रीला आणि शूद्राला ब्राह्मण पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाही. जे ग्रंथ लोकांना सांगण्यासाठी वाचले, त्यांनीच त्यांना त्या धर्मापासून दूर केले.

१८८० साली बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ब्राह्मणांच्या लेखी हा गृहस्थ शूद्र. १८८० सालची ब्राह्मणाची मुलगी शूद्राशी लग्न करते, तेही मंत्राशिवाय, ही गोष्ट किती धाडसाची होती ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

सृष्टीच्या दोन कथा

आसामात सिलचर येथे संसार सुरू झाला. तेथे ॲलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी घरी येत. त्यांनी रमाबाईंना बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्याय समजावून दिला. जगाच्या निर्मितीची ही कथा पुराणांत वाचलेल्या सगळ्या कथांहून निराळी आहे, असे त्यांना वाटले. ती खरी असावी असेही वाटले, पण का खरी वाटते याचे कारण आपल्याला देता येत नाही, हेही त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले.

कारण त्यांनी दिले नाही, तरी आपण दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहू शकतो. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र झाला. मनुस्मृतीनेही पहिल्याच अध्यायात हीच मांडणी उचलली. म्हणजे जग निर्माण होतानाच माणसांचे चार थर पडले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस एकच आहे, आणि पुरुष व स्त्री ही दोन्ही देवाच्या प्रतिरूपाची आहेत. ज्या मुलीला वेदाची बंदी होती, तिला ही दुसरी कथा का भावली असेल ते समजणे कठीण नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली गुलामगिरीत ब्रह्म्याच्या मुखातून जन्म झाल्याच्या कथेची टर उडवली होती ती याचसाठी. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते या ग्रंथात पुरुषसूक्ताची चिरफाड केली तीही याचसाठी. सृष्टीची कथा म्हणजे आजीची गोष्ट नव्हे. समाजात कोण वर आणि कोण खाली, हे ती ठरवून टाकते.

मात्र एक गोष्ट विसरू नये. त्याच बायबलच्या दुसऱ्या अध्यायात स्त्री पुरुषाच्या बरगडीपासून होते आणि तिसऱ्यात पहिल्या आज्ञाभंगाला तिचा हात लागतो. या कथांचा आधार घेऊन युरोपातल्या धर्मगुरूंनी शतकानुशतके स्त्रीला दुय्यम ठरवले. एक अध्याय आवडला म्हणून सगळे पुस्तक निर्दोष होत नाही.

पत्नीचा कल पाहून पती नाराज झाले. तुच्छ मानल्या जाणाऱ्या ख्रिस्ती समाजात आपली बायको जाणे त्यांना रुचले नाही. तो विषय तिथेच थांबला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती वारले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, आणि माहेर-सासर दोन्हींकडे आधार नाही.

वाँटेजचा वाद

रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ सालीच त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांना डॉक्टर व शिक्षिका करण्याची गरज मांडली. याच आयोगाला जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचे निवेदन दिले होते.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकायचे होते, पण कानाने कमी ऐकू येऊ लागल्याने तो बेत राहिला. वाँटेज गावी अँग्लिकन पंथाच्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. तेथील भगिनी लंडनच्या फुलम भागात, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. अशा स्त्रियांना कोणी मायेने वागवते, हे रमाबाईंनी प्रथम पाहिले. आपल्या शास्त्रांत अशा स्त्रीला दया नव्हती. ही करुणा कोठून येते याचा शोध घेताना त्या येशूच्या चरित्राकडे वळल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्याआधी काही दिवसांपूर्वी, त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केली होती. धर्मांतराच्या वाटेवर केवढे मानसिक ओझे असते, हे त्या दुर्दैवी घटनेवरून कळते.

इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. काल सरस्वती म्हणणारे आज कुलकलंक म्हणू लागले. त्या वेळी १८८५ साली जोतीरावांनी सत्सार या पुस्तिकेतून रमाबाईंची बाजू घेतली. धर्मग्रंथ वाचून, त्यांतला पक्षपात ओळखून एका विद्वान स्त्रीने तो धर्म सोडला, तर दोष ग्रंथांचा की स्त्रीचा, हा जोतीरावांचा रोख होता.

पण खरा वाद पुढेच होता, आणि तो नव्या घरातला होता. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकताना रमाबाई प्रश्न विचारू लागल्या. एक देव मान्य, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन मिळून एक कसे? येशूचा जन्म चमत्काराने झाला हे मानलेच पाहिजे काय? अथनेशियसच्या नावाने चालणारा लांबलचक मतस्वीकार बायबलात कोठे आहे? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. नवख्या शिष्येने चर्चचे मुकाट्याने ऐकावे, अशी त्यांची अपेक्षा. रमाबाईंचे उत्तर नम्र पण पक्के होते. आपण ख्रिस्ताचे नाव घेतले आहे, एका पंथाच्या सगळ्या मतांवर अंगठा दिलेला नाही. हिंदुस्थानातल्या भटजींचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, ते दुसऱ्या पुरोहितांचे जू चढवून घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी कळवले.

वाद लहानसहान गोष्टींपर्यंत गेला. क्रुसावरची अक्षरे लॅटिन का असावीत? काही लिहायचेच असेल तर ते माझ्या देशाच्या संस्कृत भाषेत असावे, असा त्यांचा आग्रह. त्या मांसाहारही करीत नसत, आणि ख्रिस्ती झाले म्हणून ताटातला पदार्थ बदलला पाहिजे हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. मनोरमेला कोणती शिकवण द्यायची, यावरही आईचा अधिकार त्यांनी सोडला नाही. इतके होऊनही त्यांनी बाप्तिस्मा नाकारला नाही आणि सिस्टर जेराल्डिनशी संबंधही तोडले नाहीत. मतभेद आणि कृतज्ञता दोन्ही एकाच पत्रात लिहिता येतात, हे त्यांनी दाखवले.

पंथांची गर्दी

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. इंग्लंड-अमेरिकेच्या मुक्कामात त्यांना बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथॉलिक असे नाना पंथ भेटले. प्रत्येक जण आपले मत पटवू पाहत होता. जातींची आणि मतांची गर्दी सोडून आलो, तर येथेही गर्दीच, याने त्या चक्रावून गेल्या.

त्यांनी काय केले? कोणत्याही एका पंथात स्वतःला बांधून घेतले नाही. काम मात्र सर्वांबरोबर केले. १८८७ साली बॉस्टनला निघालेल्या रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते, आणि इतर पंथांची प्रतिष्ठित मंडळी त्यांच्यासोबत होती. त्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. विधवांना शिक्षण द्यायचे, धर्माची सक्ती करायची नाही, अशी अट होती. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. १८९३ साली त्यावरून वादळ उठले. टिळकांच्या केसरीने झोड उठवली, रानडे-भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पुष्कळ मुलींना पालकांनी काढून नेले. सदन तरीही चालू राहिले.

या काळात रमाबाईंचे स्वतःचे मतही बदलले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, आपण धर्म स्वीकारला पण ख्रिस्त अजून गवसला नव्हता, असे त्यांना जाणवले. पूर्वी न पटलेली काही मते त्यांनी पुढे स्वीकारली. पण ती स्वतःच्या वाचनातून आणि अनुभवातून स्वीकारली, कोणा बिशपच्या हुकमाने नाही.

केडगाव

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली-बायका घेऊन आल्या. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या घरात गेली. शारदा सदनात आरंभी वरच्या जातींच्या विधवा होत्या आणि त्यांच्या स्वयंपाकात सोवळेओवळे पाळण्याची मुभा होती. रमाबाईंच्या कामाची ती मर्यादा होती. केडगावी मात्र सर्व जातींच्या मुली एकत्र राहिल्या आणि शेती, विणकाम, तेलघाणी, छपाई शिकल्या. अंध मुलींना मनोरमेने ब्रेल लिपी आणून दिली. सदन कोणत्याही एका पंथाच्या मालकीचे झाले नाही.

अखेरची सुमारे सतरा-अठरा वर्षे रमाबाईंनी एका ग्रंथाला दिली. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी मूळ बायबल सोप्या मराठीत आणले. आधीची भाषांतरे संस्कृतप्रचुर, खेड्यातल्या बाईला न कळणारी, आणि जुन्या ब्राह्मणी कल्पना चिकटलेल्या शब्दांची, असे त्यांचे मत होते. ज्या स्त्रीला संस्कृत पंडितांनी सरस्वती म्हटले, तिनेच संस्कृत शब्द वेचून बाजूला काढले. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. ते दुःख पोटात घालून त्यांनी काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. १९२४ साली ते बायबल मुक्ती सदनातल्या स्त्रियांनीच छापून प्रसिद्ध केले.

आपण काय घ्यावे

रमाबाईंचा निष्कर्ष आपला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांनी निर्माता देव शेवटपर्यंत मानला. जोतीरावांनीही निर्मिक मानला. भगवान बुद्धांच्या धम्मात मात्र निर्मात्याला जागा नाही. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात बाबासाहेबांनी ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा गाभा नसल्याचे विस्ताराने सांगितले आहे. जग कोणी केले यापेक्षा जगात दुःख का आहे आणि ते कसे दूर होईल, हा आपला प्रश्न आहे.

परंतु त्यांची रीत आपल्या उपयोगाची आहे. त्यांनी मूळ ग्रंथ स्वतः वाचले. काय पटते आणि काय पटत नाही, ते वेगवेगळे करून सांगितले. न पटलेल्या एका मतासाठी पटलेला धर्म टाकला नाही, आणि पटलेल्या धर्मासाठी न पटलेल्या मतावर खोटी मान डोलावली नाही. ख्रिस्ती नातेवाइकांनाही याचा उपयोग आहे. काही पंथ सहा दिवसांची निर्मिती अक्षरशः खरी मानतात. काही पंथ ती अर्थपूर्ण कथा मानतात. रोमन कॅथॉलिकांचे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली उत्क्रांतिवाद ही नुसती अटकळ राहिलेली नसल्याचे मान्य केले. म्हणजे ज्या ख्रिस्ती मुलाला विज्ञानाचा धडा पटला, त्याने घर सोडण्याचे कारण नाही, आणि घरच्यांनी त्याला पाखंडी ठरवण्याचेही कारण नाही.

आपल्या घरांतही हेच आहे. सून गुपचूप जुन्या देवीला नारळ फोडते, मुलगा पुनर्जन्माबद्दल शंका काढतो, म्हातारीच्या तोंडून सवयीने देवाचे नाव निघते. तेथे वडीलधाऱ्यांनी दरडावून गप्प केले, तर आपणही नवे भटजीच झालो. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला घोषणा केली आणि १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी अभ्यासाला दिली. मग आपल्या मुलांना प्रश्न विचारायला एक संध्याकाळ द्यायला काय हरकत आहे? रविवारी वंदना झाल्यावर त्यांना जवळ बसवावे, ग्रंथ उघडावा आणि जे पटत नाही ते बोलू द्यावे. उत्तर येत नसेल तर पुढच्या रविवारी वाचून यावे.